किल्ली कुणाच्या हातात?

नागपूरच्या आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईनं अंगावरच्या वळांचे फोटो जपून ठेवले होते. पण तिचं खातं नवऱ्याच्या फोनवरही उघडं होतं. त्यानं सगळे पुसून टाकले. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज करताना फोटोंचा पुरावा उरलाच नाही.

त्यानंतर मी माझी कागदपत्रं 'नेक्स्टक्लाउड'वर हलवली. २०१६ साली निघालेली ही प्रणाली मुक्त आहे. तिच्या आत काय चालतं ते जाणकार तपासू शकतात, संस्था ती स्वतःच्या संगणकावर चालवू शकते. खासगीपणा हा मूलभूत हक्क, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. तो घरातही हवाच ना?

नुसती जागा बदलून मात्र भागत नाही. आपल्यापैकी कितीजणींचा पासवर्ड मुलाची जन्मतारीख आहे? ती नवऱ्यालाही पाठ असते.