मॉल गेला, गोडाऊन आलं

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा २०१९ मधला तिसरा सीझन ज्यांनी एका वीकेंडला संपवला असेल, त्यांना स्टारकोर्ट मॉल आठवत असेलच. निऑन लाइट्स, आइस्क्रीमचं दुकान, भडक रंगाचे शर्ट घातलेली पोरंटोरं. एकदम १९८५ ची अमेरिका! तो सेट होता हे खरं, पण स्टुडिओत उभारलेला नव्हता. जॉर्जिया राज्यातल्या ग्विनेट प्लेस नावाच्या, जवळपास ओस पडलेल्या खऱ्याखुऱ्या मॉलला रंगरंगोटी करून त्याचा स्टारकोर्ट केला होता. शूटिंग संपलं, कॅमेरे गेले, आणि मॉल पुन्हा ओस.

अमेरिकेत अशा मॉल्सना सरळ ‘डेड मॉल’ म्हणतात. काही लोक त्यांचे फोटो काढत गावोगाव फिरतात. फुटलेल्या काचेच्या छतातून आत साचलेला बर्फ, बंद एस्कलेटर, कुंडीतलं वाळून कोळ झालेलं झाड… बघायला भारी वाटतं, लाइक्सही भरपूर मिळतात. मला मात्र त्या फोटोंचा जरा रागच येतो. त्यातल्या एका मॉलमध्ये माझ्या आत्याने सोळा वर्षं नोकरी केलीये.

त्याचं नाव रँडॉल पार्क मॉल. ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहराला लागून नॉर्थ रँडॉल नावाचं गाव आहे. गाव म्हणजे किती? २०१० च्या जनगणनेत १,०२७ माणसं. आपल्याकडे एखाद्या हाऊसिंग कॉम्प्लेक्समध्ये याहून जास्त लोक राहतात. त्या गावात घोड्यांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानावर ऑगस्ट १९७६ मध्ये वीस लाख चौरस फुटांहून मोठा मॉल उघडला. पाच मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, दोनशेच्या आसपास दुकानं. त्या वेळी तो जगातला सगळ्यात मोठा मॉल म्हणून मिरवला गेला. बांधणारा होता एडवर्ड डीबार्टोलो, शेजारच्या यंगस्टाऊनचा बिल्डर आणि अमेरिकेतल्या सगळ्यात बड्या मॉलवाल्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी या घराण्याने सॅन फ्रान्सिस्कोची ‘फॉर्टीनाइनर्स’ ही फुटबॉल टीम विकत घेतली. यावरून मॉलच्या धंद्यात तेव्हा किती पैसा होता, याचा अंदाज यावा.

पण हजार-दीड हजार वस्तीच्या गावात जगातला सगळ्यात मोठा मॉल? कुणासाठी, बॉस?

त्यासाठी वीस वर्षं मागे जायला हवं. व्हिक्टर ग्रुएन नावाचा व्हिएन्नाचा एक ज्यू आर्किटेक्ट १९३८ मध्ये नाझींपासून पळून अमेरिकेत आला. अमेरिकन उपनगरं बघून तो हैराण झाला. नुसती घरं आणि गाड्या! चौक नाही, कट्टा नाही, कुणी कुणाला भेटत नाही. त्याने १९५६ मध्ये मिनेसोटातल्या इडायना इथे साउथडेल बांधला. वरून पूर्ण बंद, आतून एअर कंडिशन्ड असा अमेरिकेतला पहिला मॉल. आत झाडं, बसायला बाकं, पक्ष्यांचा उंच पिंजरा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत कायमचा वसंत. ग्रुएनला आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाना, तलाव असं अख्खं गाव वसवायचं होतं. मॉल तेवढा झाला, बाकीचं कागदावर राहिलं. चारी बाजूंनी पार्किंग आलं. पुढे ग्रुएन व्हिएन्नाला परत गेला, आणि १९७८ मधल्या एका भाषणात त्याने सांगून टाकलं की, ही अनौरस पिलावळ माझी नाही, तिची पोटगी मी भरणार नाही. साउथडेल मात्र अजून चालू आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

ग्रुएनचं डिझाइन सगळ्यांनी उचललं, पण मॉलची लाट आणली ती सरकारने. १९५४ मध्ये अमेरिकन संसदेने करकायदा बदलला. नव्या इमारतीचा घसारा सुरुवातीच्या वर्षांतच भराभर दाखवायची मुभा मिळाली. म्हणजे मॉल खोऱ्याने कमावतोय, पण कागदावर तोट्यात. त्यामुळे कर नाही. घसाऱ्याचा फायदा संपत आला की मॉल विकायचा आणि दुसरा बांधायचा. जुन्या इमारतीची डागडुजी करण्यापेक्षा मोकळ्या शेतात नवी बांधणं फायद्याचं झालं. १९५६ मध्ये हायवेंचा कायदा आला. घरकर्जाची सरकारी हमीसुद्धा प्रामुख्याने उपनगरांतल्या गोऱ्या कुटुंबांच्या पदरात पडत होती. माणसं शहर सोडून निघाली. क्लीव्हलंडची लोकसंख्या १९५० मध्ये ९ लाख १५ हजार होती, १९८० मध्ये ती ५ लाख ७४ हजारांवर आली. नॉर्थ रँडॉलचा मॉल गावासाठी नव्हताच. शहरातून उठून हायवेच्या कडेला गेलेल्या या लोकांसाठी तो होता.

माझी आत्या याच सुमाराला, १९७७ मध्ये, लग्न होऊन सोलापूरहून क्लीव्हलंडला पोचली. आतोबा मशीन टूल्सच्या कारखान्यात इंजिनिअर. ते सकाळी गाडी घेऊन जायचे आणि ही दिवसभर खिडकीतून बर्फ बघत बसायची. तिच्या भाषेत, “अगं, पहिला हिवाळा मी पोस्टमनशीच काय ते बोलले.” १९८१ मध्ये ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं, त्याच महिन्यात तिने मॉलमध्ये नोकरी धरली. पाचांपैकी एका मोठ्या स्टोअरमध्ये, टॉवेल आणि चादरींच्या काउंटरवर. सोलापूरची बाई आणि चादरी! यावर आमच्या घरात अजून जोक होतात. ती मात्र सिरियसली सांगते की, हाताने पोत बघून दर्जा सांगणारी तिथे ती एकटीच होती, आणि गिऱ्हाईक तिचीच वाट बघत थांबायचं.

पहिल्या पगारातून तिने काय घेतलं? बर्फात घालायचे बूट. स्टाफ डिस्काउंटमध्ये, स्वतःच्या पैशाने. इंग्लिश ती तिथेच शिकली, कॉफी तिथेच प्यायला लागली. दिवाळीच्या दिवसात ब्रेकमध्ये तिने वाटलेल्या चकल्या खाऊन एका आफ्रिकन-अमेरिकन मैत्रिणीने रेसिपी मागितली. ती मैत्रीण आजही तिला दर रविवारी फोन करते. मॉलवर टीका करणारे आपण सगळे (कॉलेजात ‘कन्झ्युमरिझम’वर मीही वीस मार्कांचा निबंध ठोकलाय) हा भाग नेहमी विसरतो. घरातून एकटीने बाहेर पडायला, उन्हाळ्यात-हिवाळ्यात उबदार किंवा गार जागी फुकट चालायला, चार माणसांशी बोलायला आत्याला दुसरी जागाच नव्हती. ग्रुएनला हवा असलेला चौक थोडा का होईना, पण झाला होता.

मग बिघडलं कुठे?

सगळे पटकन म्हणतात, ऑनलाइन शॉपिंग. चूक! ॲमेझॉनची स्थापना १९९४ ची. रँडॉल पार्कची घसरण त्याआधीच सुरू झाली होती. १९७८ मध्ये, म्हणजे उद्घाटनानंतर दोनच वर्षांत, जवळच बीचवूड प्लेस नावाचा जास्त पॉश मॉल उघडला. क्लीव्हलंडची माणसं कमी होत होती, पोलाद आणि कारखान्यांचा धंदा बसत होता, आणि मॉल मात्र वाढत होते. एकच पोळी चौघांत वाटायची म्हटल्यावर कुणीतरी उपाशी राहणारच.

आणि मॉलचं गणितच असं की, एक वीट निघाली की भिंत ढासळते. ही मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स असतात ना, ती मॉलमध्ये भाडं नाममात्र देतात, किंवा स्वतःच्या इमारतीत असतात. लग्नातल्या मानाच्या पाहुण्यासारखी त्यांची बडदास्त असते, कारण गर्दी ती खेचतात. खरं भाडं भरतात मधली छोटी दुकानं. बूटवाला, चष्मेवाला, प्रेटझेलवाला. पण हे छोटे लोकही खुळे नसतात. अनेकांच्या करारात अट असते की, मोठं स्टोअर बंद पडलं तर आमचं भाडं कमी होईल, किंवा आम्हाला निघून जायची मोकळीक राहील. त्यामुळे एक मोठं गेलं की दहा छोटी जातात, दहा गेली की गर्दी आटते, गर्दी आटली की दुसरं मोठं जातं.

रँडॉल पार्कमध्ये हेच झालं. नव्वदच्या दशकात क्लीव्हलंडच्या जुन्या घराण्यांच्या पाट्या उतरल्या. हिग्बीज १९९२ मध्ये डिलार्ड्स झालं, मे कंपनीचं पुढच्या वर्षी कॉफमन्स झालं आणि २००६ मध्ये मेसीज. आत्या म्हणते, आमचं गिऱ्हाईक पाटी बघून यायचं, पाटी बदलल्यावर त्यांना वाटलं आपलं दुकानच गेलं. (हिग्बीजची शहरातली मूळ भव्य इमारत आज कसिनो आहे, त्यावर वेगळा कॉलम होईल.) १९९९ मध्ये मॉलच्या आवारात बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनच्या नावाचं बारा पडद्यांचं थिएटर आलं, थोडी धुगधुगी आली. पण २००१ मध्ये जेसीपेनी बंद, २००२ मध्ये डिलार्ड्स, २००८ मध्ये मेसीज. २००९ मध्ये मॉलला कुलूप लागलं आणि सिअर्सनेही गाशा गुंडाळला.

यात एक गोष्ट आकड्यांत येत नाही. मॉलच्या आसपासची वस्ती हळूहळू कृष्णवर्णीय झाली, गिऱ्हाईकही. आणि मग ‘तिकडे सेफ नाहीये’ ही कुजबुज सुरू झाली. आत्याच्याच ओळखीच्या देशी बायका (हो, आपल्याही!) बीचवूडला जायला लागल्या. आत्या अजून चिडते. “चोरी दोन्हीकडे व्हायची गं. बीचवूडला झाली की ती चोरी, आणि आमच्याकडे झाली की एरिया खराब.” तिने १९९७ मध्ये नोकरी सोडली, गुडघ्यांमुळे. मॉल नंतर बारा वर्षं तग धरून होता.

बंद पडल्यावर त्या एवढ्या पसाऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न नॉर्थ रँडॉलच्या गळ्यात पडला. ओहायोमध्ये जिथे नोकरी करता तिथल्या पालिकेलाही तुमच्या पगारातून कर जातो. गावाचे पोलीस, बर्फ उपसणारी गाडी, दिवाबत्ती, सगळ्याला मॉलमधल्या पगारांचा आधार होता. एक हजार माणसांच्या गावाने वीस लाख चौरस फुटांचं प्रेत किती दिवस सांभाळायचं? एका जुन्या स्टोअरच्या इमारतीत मोटारसायकल दुरुस्ती शिकवणारी शाळा चालत होती, बाकी अंधार. शेजारच्या युक्लिड स्क्वेअर मॉलमध्ये तर शेवटी वीसेक छोटी चर्चेस भाड्याने राहिली होती. कपड्यांच्या दुकानात रविवारची प्रार्थना. डिसेंबर २०१४ मध्ये रँडॉल पार्क पाडायला घेतला.

आणि २०१८ मध्ये त्याच जागेवर ॲमेझॉनचं साडेआठ लाख चौरस फुटांचं गोडाऊन उघडलं. युक्लिड स्क्वेअरच्या जागी २०१९ मध्ये ॲमेझॉन. ॲक्रनच्या रोलिंग एकर्स मॉलच्या जागी २०२० मध्ये ॲमेझॉन. एकाच भागात तीन मॉल, तीन गोडाऊन! यात मत्सर वगैरे काही नाही, सरळ हिशोब आहे. मॉलसाठी निवडलेली जमीन म्हणजे हायवेला चिकटलेली, सपाट, वीज-पाण्यासकट मोठाली जागा, आणि आसपास कामाच्या शोधात असलेली माणसं. गोडाऊनला तरी दुसरं काय लागतं? यातली गंमत म्हणजे, पोस्टाने घरपोच वस्तू विकणारा अमेरिकेतला जुना बादशहा सिअर्स होता. त्याने आपला जाडजूड कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला. पुढच्याच वर्षी ॲमेझॉन आलं. टायमिंग बघा!

आपल्याकडे हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडला तेव्हा गर्दी इतकी की काही काळ आत जायला पैसे पडायचे, मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवलं की माफ. माझी आई तो किस्सा अजून सांगते. त्याचा पुढे सोबो सेंट्रल झाला आणि तोही ओस पडला. पण आपल्याकडे मॉल मेला तरी गल्ली जिवंत असते, खाली वडापाववाला असतो. नॉर्थ रँडॉलमध्ये मॉलच गल्ली होती.

गेल्या वर्षी मी क्लीव्हलंडला गेले तेव्हा आत्याला म्हटलं, चल, दाखव. तिने हायवेवरून गाडी वळवली. राखाडी भिंती, एकही खिडकी नाही, ट्रकच्या रांगा. आत दोन हजारांवर नोकऱ्या येतील असं घोषणेच्या वेळी सांगितलं गेलं होतं, त्यासाठी ओहायोने करसवलतही दिली. गावाला पगाराचा कर पुन्हा मिळायला लागला, हे चांगलंच झालं. मी गोडाऊनला नावं ठेवायला लागले तर आत्यानेच मला गप्प केलं. मैत्रिणीचा नातू तिथे नाइट शिफ्टला आहे आणि आपण काउंटरवर मिळवायचो त्याहून चांगलं कमावतो, म्हणाली. फक्त तिने एकदा मैत्रिणीला विचारलं होतं, त्याचं तिथे कुणाशी जमतं का, डबा कुणाबरोबर खातो? मैत्रीण म्हणाली, त्याला आजवर एकही गिऱ्हाईक दिसलेलं नाही.

आत्या आता हिवाळ्यात चालायला बीचवूड प्लेसला जाते. सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत. तिथल्या टॉवेलच्या सेक्शनवरून जाताना एखादा उचलून, दोन बोटांत चोळून बघते आणि परत नीट घडी घालून ठेवते.