प्रणाली नवी, परावलंबन जुनेच

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या संगणकप्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही. पडद्यावर नेहमीचेच चित्र उमटले, पत्रे टंकली गेली, हिशेब झाले. त्यामुळे या घटनेचे गांभीर्य अनेकांच्या ध्यानातच आले नाही. पाठबळ थांबणे याचा व्यावहारिक अर्थ असा की, त्यानंतर त्या प्रणालीत सापडणारी सुरक्षेतील छिद्रे बुजविण्याची जबाबदारी कंपनीवर राहिलेली नाही. घर उभे आहे, राहता येते; परंतु कुलूप मोडले तर ते बदलून देणारा कुणी नाही, अशी ही अवस्था आहे.

यावर उपाय म्हणून कंपनीने 'विंडोज ११' पुढे केली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली पात्र संगणकांना विनामूल्य मिळते. सारी मेख या 'पात्र' शब्दात आहे. संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसरही कंपनीच्या मान्य यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासूनच्या प्रोसेसरपासून सुरू होते. २०१६ साली पै-पै साठवून घेतलेला, आजही उत्तम चालणारा संगणक या एका अटीने निकालात निघतो. अशा प्रकारे बाद ठरणाऱ्या संगणकांची जगभरातील संख्या २४ कोटींच्या घरात जाईल, असा अंदाज 'कॅनालिस' या संशोधनसंस्थेने २०२३ च्या अखेरीस वर्तविला होता. ज्या प्रणालीचा उल्लेख कंपनीच्याच एका प्रतिनिधीने २०१५ साली 'विंडोजची शेवटची आवृत्ती' असा केला होता, तिच्या निरोपाची ही कथा आहे.

अडचण यंत्राची नव्हे, संचिताची

नवा संगणक घेतला की प्रश्न मिटला, असे वरकरणी वाटते. ज्यांचा संगणक केवळ चित्रपट पाहण्यापुरता आणि आरक्षणे करण्यापुरता आहे, त्यांच्यापुरते ते खरेही आहे. परंतु तालुक्याच्या गावातील पतसंस्था, शाळा, ग्रंथालय, लहान मुद्रणालय किंवा एखादी सेवाभावी संस्था यांचा विचार केला की चित्र बदलते. त्यांच्यासाठी संगणक म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचे दप्तर आहे.

मराठी मुद्रणाचेच उदाहरण घ्यावे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटमध्ये टंकला जाई, त्यांत संगणकाच्या लेखी देवनागरी अक्षरे नव्हतीच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. फाँट आहे तोवर मराठी दिसे. फाँट नसेल तर तोच मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन बसे. प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी, टंकलेखनाची आज्ञावली वेगळी आणि अनेकदा तिच्या परवान्याचे, संगणकाच्या मागे खोचायचे, कुलूपही वेगळे. त्या काळी पानांची जुळणी बहुधा पेजमेकरमध्ये होई. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. तिला युनिकोड कळत नाही. नव्या प्रणालीवर हा जुना संसार सुखाने चालेलच अशी खात्री कुणी देत नाही. परिणामी कित्येक मुद्रकांच्या कोपऱ्यात एक जुनाट संगणक केवळ जुन्या फाईली उघडण्यासाठी जिवंत ठेवलेला असतो. तो बंद पडेल त्या दिवशी स्मरणिका, गौरवग्रंथ, गावच्या उत्सवाचे इतिहास आणि संस्थांचे अहवाल यांचे काय, याचे उत्तर कुणाजवळ नाही.

हिशेबाच्या जुन्या आज्ञावलींची कथा निराळी नाही. डॉसच्या काळातील सोळा-बिटी आज्ञावली चौसष्ट-बिटी विंडोजवर थेट चालत नाहीत. विंडोज १० ची बत्तीस-बिटी आवृत्ती तरी उपलब्ध होती. विंडोज ११ ची तशी आवृत्तीच नाही. जुना मुद्रक, जुना स्कॅनर यांचे 'ड्रायव्हर' उत्पादकाने नव्याने दिले नाहीत, तर ती धडधाकट उपकरणेही अडगळीत जातात. एका प्रणालीच्या बदलाने असा सारा संसारच बदलावा लागतो.

कंपनीची बाजू आणि आपली

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कोणतीही प्रणाली अनंतकाळ सांभाळता येत नाही. विंडोज एक्सपीला बारा वर्षांहून अधिक आयुष्य मिळाले, विंडोज १० ला दहा वर्षे मिळाली. सुरक्षेचा आग्रहही पोकळ नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर हाहाकार माजविला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले, आंध्र प्रदेशात पोलिसांच्या संगणकांनाही झळ पोहोचली. त्या छिद्रावरील दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, उपलब्ध झालेली होती. ज्यांनी ती बसविली नाही, त्यांनीच प्रामुख्याने किंमत मोजली. तेव्हा 'चालले आहे ते चालू द्या' ही वृत्ती शहाणपणाची नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. वर्षानुवर्षे आपल्याकडील असंख्य घरांत आणि कार्यालयांत संगणकप्रणाली विकत घेतलीच गेली नाही. संगणक जुळवून देणाऱ्याने 'टाकून दिलेली' प्रत मुकाट्याने वापरली गेली. दोनशे रुपयांच्या वस्तूची पावती मागणारा सुजाण गृहस्थही याबाबतीत मौन बाळगत आला. ज्या वस्तूचे मूल्य चुकविलेले नाही, तिच्याविषयी तक्रार करण्याचा नैतिक अधिकार कोठून येणार? शिवाय फुकटच्या प्रतीने एक मोठे अहित केले. मुक्त आणि विनामूल्य पर्यायांची गरजच समाजाला भासू दिली नाही. चोरीची सवय आणि परावलंबन यांचे नाते असे निकटचे असते.

परंतु कंपनीची बाजू मान्य करूनही मूळ प्रश्न उरतोच. सुरक्षेची अट आणि नव्या यंत्राच्या विक्रीची सोय या दोन गोष्टी एकाच निर्णयात इतक्या बेमालूम मिसळल्या आहेत की, ग्राहकाला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती बसविताना इंटरनेट आणि कंपनीकडील खाते यांचीही अट घालण्यात आली. स्वतःच्या घरातील स्वतःचे यंत्र सुरू करण्यासाठी परक्याच्या दारात नाव नोंदवावे लागावे, ही गोष्ट सवयीने अंगवळणी पडली म्हणून सामान्य ठरत नाही.

दूर बसलेला हात

हे परावलंबन किती खोल आहे, याचे दोन धडे अलीकडच्या काळात मिळाले. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षाकंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ती चूक होती. दुसऱ्या धड्यात मात्र चूक नव्हती, निर्णय होता. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले. भारताच्या कायद्याने त्या कंपनीवर कोणतीही बंदी नव्हती. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसह अन्य सेवा रोखल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. पैसे मोजलेली, परवाना असलेली सेवाही परदेशातील निर्णयाने एका दिवसात थांबू शकते, हे यातून स्पष्ट झाले. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही कथा, तर तालुक्यातील पतसंस्थेची दाद कोण घेणार?

पर्याय आहेत, कष्टही आहेत

पर्यायच नाहीत, असे म्हणणे हा आळस झाला. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांच्या संगणकीय वापरासाठी मोलाचे काम केले. तिच्याच चेन्नई केंद्राने लिनक्सवर आधारित 'बॉस' ही भारतीय प्रणाली २००७ साली उपलब्ध करून दिली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'माया' या लिनक्सवर आधारित प्रणालीचा अवलंब करण्याचा निर्णय घेतल्याचे वृत्त आले. केरळमधील शासकीय शाळा तर अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच मुलांना शिकवीत आहेत. राजकीय मतभेद बाजूला ठेवून इतर राज्यांनी अभ्यासावे असे हे उदाहरण आहे.

त्याचबरोबर जर्मनीतील म्युनिक शहराचा अनुभवही विसरता कामा नये. त्या महापालिकेने २००३ साली विंडोज सोडण्याचे ठरविले, सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. स्वावलंबन घोषणेने येत नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणसे, चिकाटी आणि वरिष्ठांचा दीर्घकाळ टिकणारा निश्चय लागतो. उत्साहाच्या भरात एका रात्रीत सारे संगणक बदलणारी संस्था सहा महिन्यांत पुन्हा जुन्या वाटेला लागते.

ग्राहक म्हणूनही समाजाने जागे होण्याची आवश्यकता आहे. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा-मुदतवाढ जाहीर केली. तीस डॉलर भरा, किंवा संगणकातील मांडणीची माहिती कंपनीच्या खात्यात साठवा, अशा तिच्या अटी होत्या. युरोपातील ग्राहकसंघटनांनी हरकत घेतल्यावर तेथील ग्राहकांपुरती साठवणुकीची अट काढून मुदतवाढ विनामूल्य करण्यात आली. संघटित ग्राहक काय करू शकतो, याचा हा ताजा पुरावा होय. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ज्या पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, त्या महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. संगणकाच्या खोक्यावर 'या यंत्राला अमुक वर्षापर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील' असे छापलेच पाहिजे, ही मागणी औषधावरील मुदतीच्या तारखेइतकीच रास्त आहे.

तोवर प्रत्येक संस्थेला आणि कुटुंबाला काही गोष्टी स्वतःच करता येतील. जुन्या फाँटमधील मजकूर, जुना संगणक चालू आहे तोवरच, युनिकोडमध्ये परिवर्तित करून एकवार वाचून तपासावा. परिवर्तनात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. हिशेबाच्या नोंदी कोणत्याही आज्ञावलीत उघडतील अशा साध्या स्वरूपात आणि कागदावर काढून ठेवाव्यात. महत्त्वाच्या साऱ्याची एक प्रत इमारतीबाहेर असावी. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी टीपीएमची सोय त्यात असूनही बंद ठेवलेली आहे काय, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. प्रोसेसरच अपात्र असेल, तर त्यावर एखादी मुक्त प्रणाली बसवून तो अभ्यासिकेला किंवा शाळेला द्यावा. गावोगावी संगणक शिकलेले तरुण आहेत. त्यांनी महिन्यातील एक रविवार जवळच्या ग्रंथालयाच्या वा शाळेच्या दप्तरासाठी दिला, तरी पुष्कळ काही वाचेल.

प्रणाली येतील आणि जातील. विंडोज ११ चीही मुदत एक दिवस संपेल. त्या दिवशी पुन्हा हीच धावपळ करावयाची, की आपला मजकूर, आपले हिशेब आणि आपली स्मृती कोणत्याही प्रणालीवर उघडता येईल अशी व्यवस्था तोवर करून ठेवावयाची, हा निर्णय आज घ्यावयाचा आहे. तो निर्णय तरी कोणत्याही कंपनीच्या हाती नाही.