बसचा दोष कोणाच्या दप्तरी?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बेस्टच्या सेवेतील विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली. सातहून अधिक निरपराध जीव गेले, चाळीसहून अधिक माणसे जायबंदी झाली. ब्रेक निकामी झाल्याची आवई त्याच रात्री उठली. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र ब्रेक सुस्थितीत आढळले आणि ठपका चालकावर आला. त्याचा निवाडा न्यायालय करील. आमचा प्रश्न निराळा आहे. उद्या एखाद्या बनावटीच्या सर्वच बसगाड्यांच्या ब्रेकमध्ये मूळचा दोष निघाला, तर तो उजेडात आणणार कोण?

कायदा नाही म्हणावे, तर तसेही नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम ११०-अ अन्वये सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकाला देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियमही लागू आहेत. दंड १ कोटी रुपयांपर्यंत आहे. पण पुढे वाचा! मोठ्या प्रवासी वाहनांबाबत वार्षिक विक्रीच्या ३ टक्के इतक्या तक्रारी यायला हव्यात, आणि त्या करावयाच्या वाहनमालकांनी. शिवाय वाहन ७ वर्षांच्या आतले हवे. शहर बसचे कंत्राट दहा-बारा वर्षांचे असते, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय?

आता या बसचा मालक कोण, ते पाहू. तिकीट काढणारा प्रवासी मालक नव्हे, हे उघडच आहे. पण आज बेस्टच्या ताफ्यातील निम्म्याहून अधिक गाड्या भाडेतत्त्वावरील आहेत. म्हणजे मालकी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, आणि बसवर नाव तेवढे बेस्टचे! त्याला पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरमागे. गाडी आगारात उभी राहिली की त्याचे उत्पन्न बुडाले. कित्येकदा तर बस बनविणारी आणि ती भाड्याने चालविणारी कंपनी एकाच उद्योगसमूहातील असते. आपल्याच घरच्या मालाविरुद्ध दिल्लीला तक्रार कोणी धाडील, अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांच्या भाबडेपणाला काय म्हणावे?

बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. दाब पार उतरला, तर मागच्या चाकांवरील स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. त्यामुळे धोका बहुधा हळूहळू साचतो. अस्तर झिजते, अंतर वाढते, टाकीत पाणी साठते, झडप अडकते आणि बस दर आठवड्याला थोडी अधिक पुढे जाऊन थांबते. हे सर्वांत आधी कळते चालकाच्या पायाला. तो आगारातील वहीत नोंद करतो, कारागीर तात्पुरती डागडुजी करतो आणि दुसऱ्या पाळीला गाडी पुन्हा रस्त्यावर येते. तोच दोष त्याच आठवड्यात आणखी चार आगारांत आढळला असेल, तर ते कळावे कसे? त्या वह्या एकत्र ठेवून वाचणारे कोणी नाही.

इच्छा असली की मार्ग निघतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये लागोपाठ बसगाड्या पेटल्या, तेव्हा एका कंत्राटदाराच्या ४०० गाड्या बेस्टने एका झटक्यात रस्त्यावरून काढल्या. लोकांचे हाल झाले, पण निर्णय योग्यच होता. मात्र आगीचा धूर साऱ्या शहराला दिसतो. ब्रेकचा दोष माणूस चिरडला गेल्यावरच दिसतो.

वस्तुतः त्याच कलमात ‘अन्य कोणत्याही स्रोताकडून’ आलेल्या माहितीवरही केंद्राला कारवाई करता येते. हा स्रोत महानगरपालिका का होत नाही? चालकाच्या प्रत्येक ब्रेक-तक्रारीची प्रत कंत्राटदाराला वगळून थेट परिवहन उपक्रमाकडे आणि तेथून केंद्रीय मंत्रालयाकडे जावी. अशा तक्रारीमुळे उभ्या राहिलेल्या गाडीचे किलोमीटर कापू नयेत, म्हणजे ती दडपण्याचा मोहच उरणार नाही. पुढच्या निविदेत या दोन अटी घालायला नवा कायदा लागत नाही. आपल्या नगरसेवकाला हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.