शब्द गाळावेत की जागेवर बसवावेत?

‘वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम.’ स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या पुस्तकांत हे किंवा याच धाटणीचे वाक्य हमखास सापडते. इंग्रजी व्याकरणाच्या नियमाने इथे रस्त्याने चालत होता तो साप. दुरुस्ती सोपी आहे. ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग’ अशी सुरुवात केली की काम झाले. पण मराठी मुलाकडून ही चूक पुन्हा पुन्हा का होते, हे त्याला क्वचितच कुणी सांगते. ‘रस्त्याने चालताना त्याला साप चावला’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. आपल्या ‘चालताना’ला वाक्याच्या कर्त्याशी बांधून घ्यावे लागत नाही. ‘त्याला’ हे कर्म असले तरी चालणारा तोच, हे ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीत असा वाक्यांश पुढे येणाऱ्या कर्त्याला जाऊन चिकटतो. ‘बीइंग अ रेनी डे, वी स्टेड ॲट होम’ या वाक्यातली अडचण हीच. मूल इथे आपल्या भाषेचा नियम इमाने पाळते आणि गुण गमावते.

गमावण्याचा हिशेब कडक आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटे मिळतात, म्हणजे प्रश्नामागे ३६ सेकंद. त्यांतले २५ प्रश्न इंग्रजीचे, ५० गुणांचे, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. ‘स्पॉट द एरर’ आणि ‘सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट’ हे प्रकार इथे नेहमीचे. त्यांत दोन दोष सतत शेजारी बसवलेले असतात: अनावश्यक शब्दांची पुनरुक्ती आणि विशेषणाची किंवा वाक्यांशाची चुकलेली जागा. क्लासमध्येही दोन्ही एकाच धड्यात उरकतात. माझ्या मते या दोघांची जात वेगळी आहे आणि त्यांचे वजनही वेगळे असायला हवे.

आधी पुनरुक्ती. ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’मधला ‘अगेन’ नवीन काही सांगत नाहीत, ते गाळावेत, यात वाद नाही. सरकारी लिखाणातल्या फुगवट्याचा प्रश्नही खरा आहे. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली ‘प्लेन वर्ड्स’ ही पुस्तिका लिहिली, ती सरकारी कर्मचाऱ्यांचे इंग्रजी सुटसुटीत व्हावे म्हणूनच. ज्या पदांसाठी आपल्या परीक्षा होतात त्या पदांवर पत्रे, टिपणे, नोटिसा लिहाव्या लागतात. तिथे मोजके लिहिण्याची सवय मोलाची आहे.

अडचण आहे ती यादीत. ‘कझिन ब्रदर’ हे हमखास चूक म्हणून विचारले जाते. प्रमाण इंग्रजीत ते चूक आहेच. पण भारतीय इंग्रजीत त्यातला ‘ब्रदर’ भाऊ की बहीण एवढे तरी सांगतो, तो अगदीच निकामी नाही. उलट ‘नल अँड व्हॉइड’, ‘सीस अँड डिसिस्ट’ या जोड्यांत एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असूनही कायद्याच्या कागदपत्रांत त्या शतकानुशतके टिकून आहेत. उद्या निवड झालेला उमेदवार अशाच नोटिसा टंकणार आहे. तेव्हा कोणता जादा शब्द दोष आणि कोणता रूढी, हे नियमाने ठरत नाही, वापराने ठरते. चार पर्यायांच्या प्रश्नात ते तपासायला गेले की शेवटी यादी पाठ आहे की नाही, एवढेच तपासले जाते.

विशेषणाच्या जागेचे तसे नाही. तिथे अर्थच हलतो, आणि कधी कधी माणसाची शिक्षा हलते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१६ साली ‘लॉकहार्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा खटला होता. आधीच्या काही गुन्ह्यांसाठी दोषी ठरलेल्याला किमान दहा वर्षे कैद, असे कलम. त्यात लैंगिक अत्याचाराच्या तीन प्रकारांची यादी आणि यादीच्या शेवटी ‘अल्पवयीन किंवा पाल्य यांच्याबाबतीत’ अशा अर्थाचा वाक्यांश. तो फक्त शेवटच्या गुन्ह्याला लागतो की तिन्हींना? सहा न्यायमूर्ती म्हणाले, शेवटच्यालाच. निकाल न्या. सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला. न्या. एलेना केगन यांनी जोरदार विरोधी मत नोंदवले, न्या. ब्रेयर त्यांच्या बाजूला होते. पुढे २०२१ मध्ये ‘फेसबुक विरुद्ध ड्युगिड’ खटल्यात अशाच शेवटी आलेल्या वाक्यांशाबद्दल न्यायालयाने ठरवले की तो आधीच्या दोन्ही क्रियापदांना लागतो. तिथे स्वल्पविरामही विचारात घेतला गेला. हा निकालही सोटोमायोर यांचाच. रोज इंग्रजीतच काम करणारे न्यायाधीश जिथे दुभंगतात, तिथे ३६ सेकंदांत एकच अचूक पर्याय मागणे कितपत रास्त?

कौशल्य मोलाचे आहे, यात मात्र शंका उरत नाही. मराठीतही ते तितकेच लागते. ‘चाळीस वर्षांवरील महिला व पुरुषांना सवलत’ असा फलक लागला, तर वयाची अट पुरुषांनाही आहे का? ‘च’ कुठे लावायचा हे मात्र मराठी मूल न शिकवता जाणते. ‘तो रविवारीच मासे खातो’ आणि ‘तो रविवारी मासेच खातो’ यांत त्याची गफलत होत नाही. ‘ओन्ली’ची जागा शिकवताना शिक्षकाने या ‘च’पासून सुरुवात केली, तर अर्धा धडा तिथेच होईल.

मग हे प्रश्नच काढून टाकावेत का? व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या ‘जीमॅट’ने २०२३ च्या अखेरीस आणलेल्या नव्या आवृत्तीत ‘सेंटेन्स करेक्शन’ हा प्रकार पूर्ण वगळला. अमेरिकेतल्या ‘सॅट’मध्ये विशेषणाच्या जागेचे प्रश्न अजून आहेत. आपल्याकडे वगळा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की दोष हुडकता येणे म्हणजे लिहिता येणे नव्हे. ते खरेच आहे. पण समोरच्या बाजूचा एक मुद्दा मला फार जड वाटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी अभ्यासिकेत बसून नियम शिकू शकते, सराव करू शकते. घरात इंग्रजी वाचले-बोलले जाते अशा मुलांचे सहज लेखन ती वर्षभरात गाठू शकत नाही. वस्तुनिष्ठ प्रश्न तिला तपासनिसाच्या आवडीनिवडीपासून वाचवतो. निबंधाकडे घाईने वळताना तिचे काय होईल, हे आधी पाहायला हवे. तिच्यासाठी ही काही गुणांची बाब नाही, नोकरीची आहे.

म्हणून दोन दोषांची वाट वेगळी करावी. पुनरुक्ती सुट्या वाक्यांत विचारणे कमी करावे. ती सारांशलेखनात पाहावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा सक्तीचा पेपर फक्त पात्रतेपुरता असतो, त्यात सारांशलेखन आहेच. उताऱ्याचा एक तृतीयांश करताना कोणता शब्द जड आणि कोणता रिकामा, हे उमेदवाराला स्वतः ठरवावे लागते. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा ही जागा आपल्याकडेही आहे.

विशेषणाचा प्रश्न वस्तुनिष्ठच ठेवता येतो, फक्त विचारणे बदलावे लागेल. ‘विमेन अँड मेन ओव्हर फॉर्टी आर एलिजिबल’ हे वाक्य द्यावे आणि ‘चूक कुठे’ असे न विचारता तीन व्यक्ती समोर ठेवाव्यात: पस्तीस वर्षांची महिला, पस्तीस वर्षांचा पुरुष, पन्नास वर्षांचा पुरुष. यांपैकी कोणाची पात्रता या वाक्यावरून निश्चित सांगता येत नाही? उत्तर यंत्रही तपासू शकेल. प्रश्न तयार करणाऱ्याला मात्र जास्त कष्ट पडतील. जुन्या पुस्तकातले सापाचे वाक्य उचलून भागणार नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजाचे भूत आपल्या मृत्यूबद्दल पसरवलेली हकिकत सांगते, बागेत झोपलेला राजा आणि डसलेला साप यांची तिथली रचना अगदी हीच आहे, आणि झोपले होते कोण, याबद्दल प्रेक्षकांच्या मनात गोंधळ होत नाही. प्रश्न काढणाऱ्यांनी खरोखर दोन अर्थ निघणारी वाक्ये निवडावीत, आणि त्यांच्यात मराठी, हिंदी किंवा तमिळ भाषेतून विचार करणारे लोक असावेत, म्हणजे उमेदवार कुठे आणि कशामुळे अडतो हे त्यांना ठाऊक असेल.