निवांतपणाचे भाडे कोणाच्या माथी?

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचे अगदी पूर्वेकडचे टोक पॅसिफिक महासागरात जेथे शिरते, तेथे बायरन बे नावाचे एक छोटे शहर आहे. लाटेवर फळी टाकून स्वार होणाऱ्या सर्फिंगवेड्यांचे ते जुने तीर्थक्षेत्र. अनवाणी फिरणारी माणसे, बगलेत फळी मारून पहाटे समुद्राकडे निघालेली मुले, बुटक्या इमारती, आणि कसलीच घाई नसल्याचा एकूण भाव, हे या गावाचे जगभर पोचलेले चित्र. २०२१ च्या जनगणनेनुसार संपूर्ण बायरन परगण्याची लोकसंख्या सुमारे ३६ हजार. उलट तेथे वर्षाकाठी येणाऱ्या पाहुण्यांचा आकडा वीस लाखांच्या घरात. साहजिकच येथे येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, ‘मुक्काम कोठे करावा?’ परंतु गेल्या काही वर्षांत त्याच गावातील शिक्षिका, परिचारिका, उपाहारगृहातील वाढपी आणि खोल्या झाडणारी बाई निराळाच प्रश्न विचारू लागली आहेत : ‘आम्ही राहायचे कोठे?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे दिसतात. पण दोहोंची उत्तरे त्याच मूठभर घरांत शोधावी लागतात. म्हणूनच पाहुण्याने निवडलेली खोली ही केवळ त्याच्या खिशाची आणि आवडीची बाब राहत नाही.

वरवर पाहता ही निवड सोपी आहे. ज्याला गर्दी, गाणे-बजावणे आणि समुद्र पायी अंतरावर हवा, त्याने जॉन्सन स्ट्रीटच्या आसपास, गावाच्या मध्यभागी उतरावे. तरुण प्रवाशांची सामायिक खोल्यांची वसतिगृहे तेथेच सापडतात. उत्तरेला बेलाँगिलचा लांब किनारा आहे. तेथे समुद्र हळूहळू जमीन खात आहे आणि घरे वाचविण्यासाठी दगडी बांध घातले गेले आहेत. पूर्वेला, १९०१ साली उभारलेल्या दीपगृहाच्या टेकडीखाली, वॉटेगोजची चिमुकली खाडी म्हणजे धनिकांचे राखीव कुरण. तिच्या अलीकडेच ‘द पास’ हे ठिकाण. तेथील लांबवर नेणारी लाट पकडण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. दक्षिणेस सफोक पार्क, उत्तरेस ब्रन्सविक हेड्स, आणि आत डोंगराच्या बाजूला बँगालो व मलंबिंबी ही गावे. तेथे उतरणाऱ्याला शांतता लाभते. मात्र जवळ मोटार नसेल तर अडचण होते, कारण १८९४ पासून चालत आलेली रेल्वे २००४ साली बंद झाली. भाडे किती, समुद्र किती दूर आणि सोय कशी, या तीन प्रश्नांवर प्रवासी आपला निर्णय उरकतो. चौथा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही : ही खोली पाहुण्यासाठी बांधलेली आहे, की गावातल्या कोणाचे तरी बिऱ्हाड उठवून ती मोकळी झाली आहे?

या प्रश्नाचे मर्म समजण्यासाठी गावाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. हा प्रदेश बंजलंग लोकांपैकी अराक्वल समाजाचा. २०१९ साली न्यायालयाने त्यांचा भूमीवरील पारंपरिक हक्क मान्य केला. १७७० साली कॅप्टन कुक येथून गेला आणि त्याने भूशिराला जॉन बायरन या दर्यावर्दीचे नाव दिले. हा दर्यावर्दी सुप्रसिद्ध कवीचा आजोबा. पुढे गावाची आखणी करणाऱ्यांनी हे नाव कवीचेच मानले, असे सांगतात. रस्त्यांना मात्र टेनिसन, मार्व्हेल, कूपर अशी साहित्यिकांची नावे मिळाली, ती आजतागायत कायम आहेत. काव्याची शोभा रस्त्यांच्या पाट्यांपुरतीच होती. गाव होते कष्टकऱ्यांचे. लाकूडतोड, लोण्याचा कारखाना, खाटीकखाना आणि १९५४ ते १९६२ या काळात देवमाशांची शिकार, हे तेथील उद्योग. साठीच्या दशकात सर्फिंगवाले तरुण आले, १९७३ साली जवळच्या निम्बिन गावी भरलेल्या अॅक्वेरियस महोत्सवानंतर पर्यायी जीवनाच्या शोधातले विद्यार्थी या भागात स्थिरावले, आणि १९८३ साली खाटीकखाना बंद पडला. या मंडळींना येथे राहता आले ते घरे स्वस्त होती म्हणून. चार दिवस काम करून तीन दिवस समुद्रावर घालविणे ज्याला परवडते, तोच निवांत राहू शकतो. ज्या निवांतपणाची आज जगभर जाहिरात होते, तो समुद्राच्या वाऱ्यातून आलेला नाही. तो कमी भाड्यातून जन्मला, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

हे भाडेच पुढे नाहीसे झाले. मोबाईलवरून जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील घर चार रात्रींसाठी घेता येऊ लागले, तेव्हा घरमालकाचा हिशेब बदलला. शिक्षिकेकडून आठवड्याला मिळणाऱ्या रकमेची तुलना पाहुण्याकडून रात्रीला मिळणाऱ्या रकमेशी होऊ लागली, आणि त्या तुलनेत शिक्षिका हरणार हे ठरलेलेच होते. २०२० च्या महामारीनंतर घरी बसून काम करण्याची मुभा मिळालेले शहरी नोकरदार किनाऱ्याकडे वळले. २०२२ साली या भागातील नद्यांना आलेल्या महापुराने हजारो घरे राहण्याजोगी ठेवली नाहीत. या साऱ्यांचा परिणाम एकत्रित झाला. न्यू साउथ वेल्सच्या सरकारतर्फे उघड्यावर झोपणाऱ्यांची दरवर्षी मोजणी होते. २०२३ साली बायरन परगण्यात असे ३०० लोक आढळले, तर सिडनी शहराच्या हद्दीत २७७. २०२४ साली बायरनचा आकडा ३४८ वर गेला. लक्षावधी वस्तीच्या महानगराच्या गाभ्याला एका किनारी परगण्याने या बाबतीत मागे टाकावे, हे त्या निवांत चित्राच्या मागच्या बाजूला लिहिलेले सत्य आहे. याचे सारे खापर पाहुण्यांच्या खोल्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. महापूर, महागाई आणि सरकारी घरबांधणीतील दिरंगाई यांचाही त्यात वाटा आहे. पण जेथे समुद्र, पाणथळ जमीन आणि राखीव वने यांनी गावाला चोहोबाजूंनी बांधून टाकले आहे, तेथे असलेल्या घरांचा वापर कशासाठी होतो, हा प्रश्न टाळता येणार नाही.

तो टाळायचा नाही असे तेथील स्थानिक परिषदेने ठरविले. बराच वाद, जाहीर सुनावणी आणि राज्याच्या स्वतंत्र नियोजन आयोगाचा सल्ला यांनंतर २३ सप्टेंबर २०२४ पासून नवा नियम अमलात आला. मालक स्वतः राहत नसलेले घर आता परगण्याच्या बहुतेक भागांत वर्षातून केवळ ६० दिवसच अल्पमुदतीने पाहुण्यांना देता येते. बायरन बे आणि ब्रन्सविक हेड्स येथील समुद्राजवळचे काही ठरावीक विभाग मात्र वगळले आहेत. तेथे वर्षभर मुभा आहे. सलग एकवीस दिवस किंवा त्याहून अधिक असलेला मुक्काम या मोजणीत धरला जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मालक त्याच घरात राहून पाहुण्याला खोली देत असेल तर दिवसांचे बंधनच नाही. कायद्याने येथे एक सूक्ष्म पण मोलाचा भेद केला आहे. त्याने पाहुण्याला हाकललेले नाही की आदरातिथ्याला गुन्हा ठरविलेले नाही. यजमान घरात आहे की घरातून यजमानच नाहीसा झाला आहे, एवढेच त्याने विचारले आहे.

या नियमाविरुद्धचे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला आक्षेप मालकीहक्काचा : स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घराचे काय करावे हे परिषदेने का सांगावे? दुसरा रोजगाराचा : खोल्या झाडणाऱ्या, चादरी धुणाऱ्या, बाग राखणाऱ्या माणसांचे पोट याच घरांवर चालते, ६० दिवसांनंतर त्यांनी काय करावे? तिसरा व्यवहाराचा : सिडनीत किंवा मेलबर्नमध्ये राहणारा धनिक सुटीपुरते घर बाळगतो, पाहुण्यांना देणे बंद झाले म्हणून तो ते शिक्षिकेला देईलच असे नाही, कदाचित घर उरलेले तीनशे दिवस कुलूपबंदच राहील. चौथा आक्षेप समर्थकांकडूनच येतो : समुद्राजवळचे विभाग वगळल्यामुळे जेथे घरांना सर्वाधिक मागणी, तेथेच नियमाला दात उरले नाहीत.

यांपैकी मालकीहक्काच्या आक्षेपाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. निवासी वस्तीत कोणी मालकीच्या जागेवर कारखाना काढू म्हटले तर जगातील कोणतीही नगरपालिका त्याला अडविते, आणि त्यात कोणाला जुलूम वाटत नाही. मालकाविना चालणारी, आठवड्याला दोन बिऱ्हाडे बदलणारी वास्तू ही नावाने घर असली तरी कामाने लॉज आहे. लॉजला लॉजचे नियम लावले तर बिघडले कोठे? रोजगाराचा आक्षेप गंभीर आहे, पण तो स्वतःवरच उलटतो. ज्या बाईच्या कामासाठी गळा काढला जातो, तिला त्या गावात राहण्यास खोली मिळत नाही आणि ती दूरच्या गावाहून मोटार हाकीत येते, हीच तर तक्रार आहे. कुलूपबंद घरांचा मुद्दा मात्र खरा आहे. केवळ मनाईने घर भाड्याला निघत नाही. त्यासाठी रिकाम्या घरांबाबत निराळे धोरण आणि परवडणाऱ्या घरांची सरकारी बांधणी यांची जोड हवी. थोडक्यात, नियम अपुरा आहे. पण अपुरा म्हणजे चुकीचा नव्हे. त्याची दिशा योग्य आहे, आणि वगळलेल्या विभागांचा परिषदेने व सरकारने लवकरच फेरविचार करावा, हेच त्याच्या अपुरेपणाचे उत्तर आहे.

तरीही सारा भार कायद्यावर टाकून पाहुण्याला मोकळे होता येणार नाही. कायदा मालकाचे दिवस मोजतो. पाहुण्याची निवड मोजत नाही. ज्या गावात पर्याय नसतो तेथे पाहुण्याला दोष देता येत नाही, पण बायरन बे येथे पर्याय भरपूर आहेत. सामायिक खोल्यांची वसतिगृहे, मोटेले, हॉटेले, तंबू आणि चाकांच्या घरांसाठी राखलेली कॅरॅव्हॅन पार्क ही पाहुण्यांसाठीच उभी केलेली आहेत. तेथे उतरल्याने कोणाचे बिऱ्हाड उठत नाही. ज्याला घरगुती वातावरणाची ओढ आहे त्याने घरमालक राहत असलेल्या घरातील खोली घ्यावी. कोणती लाट नवशिक्याला झेपेल आणि कोणत्या दिवशी समुद्रात उतरू नये, हे सांगणारा माणूस त्याला तेथेच भेटेल. डिसेंबर-जानेवारीची झुंबड टाळून जूननंतर देवमासे उत्तरेकडे जाताना पाहायला गेले, तर भाडेही हलके पडते आणि गावावरचा ताणही. समुद्राकडे उघडणाऱ्या सज्जाचा मोह सोडून अर्धा तास चालणे एवढीच याची किंमत आहे. विश्रांतीसाठी आलेल्या माणसाला अर्धा तास जड वाटावा, हे काहीसे विसंगतच नव्हे काय?

हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने १८ ते ३० वर्षे वयाच्या भारतीयांसाठी काम करीत प्रवास करण्याचा परवाना खुला केला. वर्षाला एक हजार जागा, निवड सोडतीने. म्हणजे पुण्या-नाशिकचा एखादा तरुण उद्या बायरन बे येथे सकाळी फळी घेऊन लाटेवर जाईल आणि संध्याकाळी उपाहारगृहात बश्या विसळील. त्याला तेथे एकाच वेळी पाहुण्याची आणि कामगाराची, अशा दोन्ही नात्यांनी खोली हवी असेल. पहिल्या दिवशी तो स्वस्त घराच्या जाहिराती चाळील. महिन्याभरात त्याला कळेल की, त्या जाहिरातींतील घरांत राहणारी माणसे आता त्याच्याबरोबर रांगेत उभी आहेत. एकाच माणसाच्या पोटात हे दोन्ही प्रश्न शिरले की त्यांचे नाते समजायला व्याख्यान लागत नाही.

मराठीत पाहुणा आणि यजमान हे शब्द जोडीने येतात. यजमानाविना पाहुणचार ही कल्पनाच भाषेला ठाऊक नाही. पंढरीच्या वाटेवरचा यात्रेकरू धर्मशाळेत उतरतो तेव्हा ती त्याच्यासाठीच बांधलेली असते, आणि कोणाच्या घरी उतरतो तेव्हा त्या घरात चूल पेटलेली असते. हा भेद जुना आणि साधा आहे. बायरनच्या परिषदेने तो दिवसांच्या हिशेबात मांडला, इतकेच. किनाऱ्यावरचे निवांत गाव पाहण्यास जाणाऱ्याने आपल्या खोलीविषयी एवढे जरूर विचारावे : येथे चूल कोणाची आहे? उत्तर मिळाले नाही, तर त्याच्या निवांतपणाचे भाडे दुसराच कोणी भरीत आहे, असे त्याने खुशाल समजावे.