पैसा जिंकतो की स्किल? कार्ड गेममधून शिकूया धंद्याचं गणित



बोरिवली असो, मुलुंड असो की घाटकोपर, नवीन बॅच बसली की एक वाक्य हमखास कानावर येतं. "सर, शेवटी ज्याच्याकडे पैसा त्याचाच धंदा चालतो." मागून लगेच कोणीतरी म्हणतं, "काही नाही हो, हातात कला असली की पैसा आपोआप येतो." माझ्या मते दोघंही अर्धं बरोबर आहेत. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं असेल, तर आज तुमच्या मुलांच्या दप्तरात डोकावू. तिथे पोकेमॉनची कार्डं असतील.

आपल्या लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं होती. अख्खा संच एकदम मिळायचा. पत्ते पिसायचे, सारखे वाटायचे आणि खेळ सुरू. कोणाचा बाप किती कमावतो याचा डावाशी संबंध नव्हता. आताच्या कलेक्टिबल कार्डांचं तसं नाही. पाकीट बंद असतं, आत काय निघेल माहीत नसतं, आणि आपला डेक आपणच बांधायचा असतो. मग ज्याने जास्त पाकिटं फोडली तोच जिंकणार ना? प्रश्न रास्त आहे.

याचं उत्तर या खेळाच्या इतिहासातच आहे. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' बाजारात आला. अंदाज असा होता की माणूस एक डेक घेईल, वर चार-दोन पाकिटं घेईल, बस्स. लोकांनी मात्र पेट्याच्या पेट्या उचलल्या. आणि सुरुवातीला एकच पत्ता डेकमध्ये किती वेळा ठेवायचा यावर बंधनच नव्हतं! म्हणजे खिसा जड असेल तर तोच जबरदस्त पत्ता पुन्हा पुन्हा भरा. तिथे पैसा सरळसरळ कौशल्यावर मात करू शकत होता.

मग नियम आला. आज साधारणपणे डेक किमान ६० पत्त्यांचा आणि मूळ लँड सोडली तर एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती. पोकेमॉनमध्येही डेक ६० पत्त्यांचा, आणि मूळ एनर्जी कार्डं सोडली तर चारचीच मर्यादा.

आता नीट बघा, या एका नियमाने काय झालं? पैशाला छत लागलं. चार प्रती हातात आल्या की पाचवीचा डावात उपयोग शून्य. तुमच्याकडे करोड रुपये असले तरी डेक जास्तीत जास्त पूर्णच होणार, त्याच्या पुढे कोणता पत्ता कधी टाकायचा ते डोक्यानेच ठरवावं लागतं.

पण दुसरी बाजूही स्पष्ट सांगतो. त्या छताच्या खाली पैसा लागतोच. अर्धवट डेक घेऊन पूर्ण डेकसमोर बसलात, तर कितीही हुशार असा, बहुतेक वेळा हराल. "जिद्द असली की झालं" हे भाषणात छान वाटतं. तेलाचे पैसे उधार आणि डिपॉझिट व्याजाने काढलेलं असेल, तर पहिल्याच मंद महिन्यात जिद्दीचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून धंदा सुरू करण्याआधी विचारा, माझ्या धंद्याचा ६० पत्त्यांचा डेक कोणता? समजा अंधेरीत घरून डबे द्यायचेत. गॅस, भांडी, डबे, एफएसएसएआयची नोंदणी, दोन महिन्यांचा किराणा आणि घरखर्चासाठी बाजूला ठेवलेली रक्कम. एवढं झालं की डेक पूर्ण. उद्यम नोंदणी तर मोफत आहे. हात कमी पडत असेल तर मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. याच्या वर जे खर्च कराल, इंटिरियर, एलईडी बोर्ड, महागडा लोगो, ती पाचवी प्रत. भाजी अळणी असेल तर बोर्ड वाचवणार नाही.

अनुभवी खेळाडू आणखी एक गोष्ट करतो. त्याला नेमका जो पत्ता हवा, तो तो सुटा विकत घेतो. नवखा मात्र "या पाकिटात निघेल" म्हणत पाकिटामागून पाकीट फोडतो. न ठरवता पोस्ट बूस्ट करणं, दिसेल तो कोर्स घेणं, होलसेलवाल्याने गळ्यात मारलेला मिक्स माल उचलणं, ही सगळी पाकिटं फोडणंच आहे. आधी कुठला पत्ता कमी आहे ते ठरवा, मग तेवढाच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खिसा लहान असेल तर खेळाचा प्रकार बदला. मॅजिकमध्ये 'ड्राफ्ट' असतो. साधारण आठ जण बसतात, प्रत्येकाला तीन पाकिटं, एक पत्ता ठेवायचा आणि बाकीचे शेजाऱ्याला द्यायचे. 'पॉपर' नावाच्या प्रकारात फक्त साधे, स्वस्त पत्ते चालतात. तिथे महागडा संग्रह घरीच राहतो. धंद्यातही अशी टेबलं आहेत. सोसायटीतला दिवाळीचा स्टॉल घ्या, किंवा बचत गटांसाठी बीकेसीच्या मैदानावर भरलेलं महालक्ष्मी सरस प्रदर्शन घ्या. तिथे साधारण सारख्याच जागेत चव, वागणूक आणि हिशोब यावर माणूस उठून दिसतो. घाटकोपरच्या खाऊगल्लीत पहिल्याच दिवशी मोक्याची जागा भाड्याने घेण्याआधी अशा टेबलांवर हात साफ करा.

उदाहरण हवंय? २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ होता. त्यात भुजच्या तीर्थ मेहताने 'हार्थस्टोन' या डिजिटल कार्ड गेममध्ये कांस्य मिळवलं. हा खेळ सुरू करायला एक रुपयाही लागत नाही. त्याच स्पर्धेत ब्रिजमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण जिंकलं. अशा ब्रिज स्पर्धांमध्ये तेच वाटलेले पत्ते वेगवेगळ्या टेबलांवर खेळवतात, म्हणजे चांगले पत्ते आले म्हणून जिंकला, असं कोणी म्हणू शकत नाही.

तर माझं मत असं: पैसा तुम्हाला टेबलावर बसवतो, टिकवतं ते कौशल्य. पण टेबल कोणतं निवडायचं, हे तिसरं कौशल्य आहे आणि छोट्या उद्योजकाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे.

आज रात्री वही घ्या आणि तीन ओळी लिहा. माझा पूर्ण डेक किती रुपयांचा? त्यातला कोणता पत्ता कमी आहे? आणि माझ्या खिशाला झेपेल असं टेबल कोणतं? पहिल्या ओळीतला आकडा लिहिता आला नाही, तर सध्या कर्जाच्या फॉर्मवर सही करू नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!