मांजराचं खाणं बदलताना
आमची मन्नो दोन दिवस जुलाबाने बेजार झाली. चूक आमचीच. स्वस्त मिळालं म्हणून आम्ही तिला एकदम कुत्र्याचं खाद्य सुरू केलं. मांजराला टॉरिन अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. कुत्र्याच्या खाद्यात ते पुरेसं असेलच असं नाही.

आता आम्ही पाकिटामागची यादी वाचतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून चिकन किंवा मासळी सुरुवातीलाच हवी. मात्र ताज्या चिकनच्या वजनात पाणीही धरलेलं असतं. दोन ब्रँड आलटून पालटून द्यायचे असतील, तर नवं खाद्य जुन्यात थोडं थोडं वाढवत 7 ते 10 दिवसांत बदला. मांजराने दिवसभर खाण्याला तोंडच लावलं नाही, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.